कच्चा माल: बाळुती

साहेब, तुम्ही आमच्या खोलीच्या दारात नाकाला रुमाल लावून उभे राहिलात, आत पाऊल टाकलं नाही आणि ऑफिसात परत जाऊन लिहिलंत की आत घाण आहे. हे खोटं आहे. त्या दिवशी खोलीत रिठ्याचा आणि गरम इस्त्रीचा वास होता. तो तुम्हाला घाण वाटत असेल तर तुमचे शर्ट कोण धुतं, कोण इस्त्री करतं, हे एकदा घरी विचारून घ्या.

तुमचं पत्र माझ्यासमोर मशीनच्या फळीवर आहे. उडू नये म्हणून वर कात्री ठेवली आहे. ‘सदर गटाकडून वापरलेल्या बाळुत्यांवर, म्हणजेच सॅनिटरी कचऱ्यावर, प्रक्रिया करून वस्तू बनवल्या जात असल्याचे निदर्शनास आले आहे. शाळेच्या इमारतीत असे काम करण्यास परवानगी देता येत नाही. सबब खोली सात दिवसांत रिकामी करावी.’ खाली सही, सहीवर शिक्का. उद्या सकाळी अकरा वाजता तुमची माणसं कुलूप घेऊन येणार आहेत.

निदर्शनास आले म्हणे. रुमालाच्या मागून काय दिसतं?

मी शालन. वारज्यात बंद पडलेल्या शाळेतली जी खोली तुम्ही काढून घेताय, तिथे बसून आम्ही बायका लहान मुलांच्या जुन्या कपड्यांतून त्यांच्या आईबापांच्या कामाच्या वस्तू शिवतो. बाळाला ढेकर काढायला खांद्यावर टाकायचा पंचा, दूध पाजताना अंगावर घ्यायचं आवरण, दवाखान्यात न्यायची खणाखणांची पिशवी, मांडीवर घ्यायची उशी. पत्रात तुम्ही याला ‘वस्तू’ एवढंच म्हटलंय. नावं मुद्दाम लिहिते, म्हणजे तुम्ही काय बंद करताय ते तुम्हाला ठाऊक असू दे.

हे काम आम्हाला कोणी शिकवलं नाही. त्याआधी मी जिन्याखालच्या जागेत फॉल-पिको करायची आणि पँटी आखूड करायची. चार वर्षांपूर्वी एका सोसायटीत ब्लाउज द्यायला गेले, तर गेटच्या आत कचऱ्याच्या डब्यांशेजारी कागदी पिशवी ठेवलेली. वर झबलं. हातात घेतलं तर गळ्याला दुकानाचं लेबल तसंच. खाली टोपरी, कुंची, मोजे, सगळं धुऊन घडी घातलेलं. टाकायचं होतं तर घडी कशाला घातली, हा विचार माझ्या मनात आला. तेवढ्यात लिफ्टमधून एक मुलगी आली आणि मला पाहून कानकोंडी झाली. तिचं नाव सुरुची, आयटीत कामाला, कडेवर आठ महिन्यांची लेक. म्हणाली, सकाळपासून तिसऱ्यांदा खाली आलेय बघायला, कोणी नेलं का. वहिनीला विचारलं तर ती म्हणे आमचं सगळं नवीन घेऊन झालंय, थँक्स. कामाच्या मावशींना द्यावं तर त्यांना अपमान वाटेल की काय, ही धास्ती. घरात ठेवावं तर जागा नाही. डब्यात टाकायला हात होईना, म्हणून डब्याच्या शेजारी.

मी पिशवी घरी आणली. माझ्या सासूबाई, वेणूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते. वाशीमकडच्या. पुण्यात येऊन त्यांना पंचवीस वर्षं झाली, पण बोलणं अजून तिकडचंच. पिशवी बघून त्या पाट सोडून उठल्या.

“लेकराचं कापड असं रस्त्यावर फेकते का कोणी?”

मग दोन दिवस त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत, जणू मीच फेकलं होतं. तिसऱ्या दिवशी बघते तर सगळे कपडे गच्चीवर, रिठ्याच्या कढत पाण्यातून काढलेले, उलटे करून दोरीवर. तीन दिवस ऊन, रोज बाजू बदलायची. वाळले की एकेक कपडा आपल्या गालाला लावून बघायच्या. टोचला तर डावीकडे, नाही टोचला तर उजवीकडे. मी विचारलं, हे काय चाललंय. तर म्हणाल्या, हाताला काय कळते, हात तर भांडी घासून मेले.

साहेब, आमच्या गटात आजही कापड असंच निवडतात. कारखान्यात यंत्र असेल. आमच्याकडे सत्तर वर्षांच्या बाईचा गाल आहे. तिने डावीकडे टाकलेलं कापड मी एकदा चुकून पिशवीला लावलं, तर तिने ती पिशवी उसवायला लावली.

त्या पहिल्या कपड्यांतून मी सुरुचीलाच एक पिशवी शिवून दिली. झबली खालून बंद केली आणि पिशवीला बाहेरून खण म्हणून लावली, गळा वर. दुधाची बाटली गळ्यातून आत. झबल्यांच्या नाड्या कापल्या नाहीत, त्यांनीच खण बांधायचे. सुरुचीने पिशवी घेतली, एका झबल्यावरच्या फिकट डागावर बोट ठेवलं आणि म्हणाली, हे पहिलं नाचणीचं सत्त्व. पुढच्या आठवड्यात तिच्या सोसायटीतून अकरा पिशव्या कपडे आले, प्रत्येकीवर बाळाच्या नावाची चिठ्ठी. तिथून आमचा नियम ठरला: ज्याचे कपडे त्याच्याच घरी वस्तू होऊन परत. ज्यांना परत नको असतं त्यांचे कपडे पत्र्याच्या ट्रंकेत. त्यातून सगळ्यांसाठी.

हेमाताई कशा आल्या तेही सांगते, कारण पत्रातली सगळी भानगड त्यांच्या नसण्याने झाली. हेमाताई नारायण पेठेतल्या. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं शिवण शिकवलं. एका प्रदर्शनात आमच्या टेबलापाशी थांबल्या, खांद्यावरचा पंचा उचलला आणि उलटा केला. सगळे सुलट बाजू बघत होते. ह्या उलट बाजूवर चष्मा टेकवून उभ्या.

“शिवण सरळ आहे,” त्या म्हणाल्या. “कुठे जायचंय ते मात्र तिला ठाऊक नाही.”

मला राग आला. मी म्हटलं, तुम्ही करून दाखवा. त्या निघून गेल्या. सोमवारी सकाळी बसने वारज्यात हजर, हातात स्वतःची कात्री. गटात घ्या असं म्हणाल्या नाहीत आणि आम्हीही घेतलं असं म्हटलं नाही. तेव्हापासून आमची एकही वस्तू उलट बाजू तपासल्याशिवाय बाहेर गेलेली नाही. नाराज झाल्या की त्या फक्त ‘असं’ म्हणतात. ते ‘असं’ ऐकलं की आम्ही आपापलं उसवायला घेतो. गटातल्या नंदाने तर एकदा ‘असं’ ऐकून दुपारचा डबाच उघडला नाही.

दोन वर्षांपूर्वी ही खोली मिळाली, तेव्हा फॉर्म हेमाताईंनी भरला. ‘कच्चा माल’ या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘वापरात नसलेली सुती बालवस्त्रे’. मागल्या वर्षीही तेच. यंदा फॉर्मची तारीख आली आणि हेमाताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मी म्हटलं, दोन ओळींचा फॉर्म, मी भरते. कच्चा माल काय लिहू, असं मी मोठ्याने म्हणाले आणि स्वयंपाकघरातून आत्याबाई म्हणाल्या, बाळुती लिही की. उतरलेली बाळुती. मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं.

आता चुकीबद्दल सांगते. चूक माझी आहे आणि मी ती लपवणार नाही. आमच्या घरात तान्ह्या लेकराच्या अंगावरचं सगळंच बाळुतं. टोपरं बाळुतं, झबलं बाळुतं, कुंची, दुपटं, सगळी बाळुती. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हा शब्द असाच ऐकला. पुण्यात बाळुतं म्हणजे बाळाच्या खाली घालायचं फडकं, ओलं झालं की बदलायचं, हे मला खरंच माहीत नव्हतं. बावीस वर्षं या शहरात काढली, पण बाळुतं हा शब्द मी घरातच बोलले आणि घरातच ऐकला. हेमाताई एका डोळ्याला पट्टी लावून तुमचं पत्र वाचत होत्या. वाचून झालं, पत्र घडी करून मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, शालन, आपण गावभरची लंगोटं गोळा करतो असं तू सरकारला लेखी कळवलं आहेस.

आत्याबाईंचा चेहरा तेव्हा बघायला हवा होतात. शब्द त्यांचा होता ना. दिवसभर जेवल्या नाहीत. रात्री मी पानावर बसवलं तर म्हणाल्या, माह्या एका बोलानं तुमची खोली गेली.

म्हणून आम्ही तिघी तुमच्या ऑफिसात आलो. तुमच्या दाराशी संभाजी म्हणून शिपाई आहेत, त्यांनी आत्याबाईंना स्वतःची खुर्ची दिली. हे तुम्हाला माहीत नसेल. दोन तासांनी आत बोलावलंत. मी सांगितलं की शब्द चुकला, अर्थ हा नाही, बदलून देते, पेन माझ्याकडे आहे. तुम्ही म्हणालात, आदेश निघाल्यावर फॉर्ममध्ये खाडाखोड चालत नाही. मग मी म्हटलं, वस्तू तरी बघा, आणि खांद्यावरचा पंचा तुमच्या टेबलावर ठेवला. पांढऱ्या मलमलीचे चार तुकडे, कडेला निळी पट्टी. हेमाताईंनी तपासलेला. तो तुम्ही हाताने उचलला नाही. पेनाच्या टोकाने ढकललात, माझ्या बाजूला. तो ढकलला जाताना टेबलाच्या काचेवर जो बारीक आवाज झाला तो मी विसरलेली नाही.

आणि तुम्ही म्हणालात, “बाई, लोकांच्या पोरांची घाण शिवून परत लोकांच्या पोरांनाच देता. नवीन कापड घ्यायला काय होतं तुम्हाला?”

मी बोलायला तोंड उघडलं होतं. पण आत्याबाई आधी बोलल्या. आवाज चढवला नाही. नात्यातल्या माणसाला विचारावं तसं विचारलं.

“साहेब, तुमी जलमले तवा पयलं कापड कोणतं घातलं होतं तुमाले?”

तुम्ही तेव्हा फोन उचललात. फोन वाजला नव्हता. आम्ही थोडा वेळ उभ्या राहिलो, मग पंचा घेऊन निघालो. जिना उतरताना हेमाताई काळ्या चष्म्यातून पायऱ्या चाचपत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या की आता ते पेनाचं टोक डेटॉलने पुसून घेतील.

खरं सांगते, त्या दिवशी मी हरले होते. दुसऱ्या दिवशी मी मशीनची डोकी काढून गोणपाटात बांधली. ट्रंकेला दोर लावला. जिन्याखालच्या जागेत आता एकाने कुरिअरचं दुकान टाकलंय, म्हणजे परत जायला तीही जागा नाही. नंदाने दोन घरची पोळ्यांची कामं बघून ठेवली. आत्याबाई खोलीच्या कोपऱ्यात बसून रिठे फोडत राहिल्या, कपडे नसताना. कोणीच त्यांना थांबवलं नाही.

पत्र आल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला फोन आला. प्रसूतिगृहातल्या पूर्णिमा सिस्टर, आमच्या जुन्या गिऱ्हाईक. बाळ दोन महिने आधी जन्मलेलं, दीड किलोला कमी. अशा बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवतात, कातडीला कातडी लावून, तासन्‌तास. कांगारू पद्धत म्हणतात. आईच्या अंगातली ऊब त्याला पुरते. पण या बाळाची आई ऑपरेशननंतर तापाने फणफणलेली, तिच्याजवळ देता येईना. बाप तयार होता. दवाखान्यातले बांधायचे पट्टे बायकांच्या मापाचे, आणि हा गडी छातीने दारासारखा. चादर बांधून बघितली तर ती सरकते. बाजारातला नवा पट्टा आणला, तर त्याच्या कडक शिवणीने बाळाच्या पाठीवर लाल रेघ उठली. सिस्टर विचारत होत्या, मऊ, ताणलं जाणारं, रुंद असं काही जमेल का. आणि आजच.

मी म्हणायला हवं होतं, आमचं काम बंद झालंय. माझ्या तोंडातून निघालं ते असं की, छातीचं माप सांगा.

मशीन पुन्हा बाहेर काढलं. ट्रंकेचा दोर आत्याबाईंनी दाताने सोडला. आता अडचण बघा. ताणलं जाणारं मऊ कापड आमच्याकडे भरपूर, बनियनच्या कापडाचे बाळांचे कपडे, शंभर धुण्यांनी लोण्यासारखे झालेले. पण एकेक तुकडा वीतभर. एवढ्या रुंद छातीला पट्टा करायचा म्हणजे वीसेक तुकडे जोडायचे, आणि जोड आला की शिवण आली. शिवणीनेच तर त्या पोराची पाठ सोलली होती.

आत्याबाई तुकडे गालाला लावून देत होत्या. त्या दिवशी त्यांनी इतके तुकडे डावीकडे टाकले की मला भीती वाटली, पुरतील ना. हेमाताईंच्या डोळ्याची पट्टी काढून जेमतेम चार दिवस झाले होते. त्यांनी पहिला जोड हातात घेतला आणि नेहमीसारखा उलटा केला. बघत राहिल्या. मी ‘असं’ ऐकायची वाट बघत होते.

“सगळ्या शिवणी बाहेर घे,” त्या म्हणाल्या.

मला कळेना. बाहेर म्हणजे लोकांना दिसतील. त्या म्हणाल्या, दिसू देत. एकतीस वर्षं मुलींच्या कामावर शेरा मारला, शिवण दिसते, गुण कापले. आज मुद्दाम दाखव. आतून काही टोचता कामा नये.

मग आम्ही तसं केलं. प्रत्येक जोड बाहेरच्या अंगाला, शिवण उघडून दोन्हीकडे इस्त्रीने दाबलेली, वरून हाताने तिरके टाके, म्हणजे ताणलं तरी तटकन तुटायला नको. हातटाके नंदा आणि मी घालत होतो. हेमाताईंना डॉक्टरांनी सुई धरायची नाही असं बजावलं होतं, म्हणून त्या सुई न धरता फक्त आमचे टाके मोजत होत्या, आणि ते सुई धरण्यापेक्षा वाईट होतं. एक तुकडा उसवावा लागला. दोन वाजता पट्टा तयार झाला. बाहेरून बघाल तर कोणी म्हणेल उलटा शिवलाय, जोडाच्या दोन्हीकडे टाक्यांच्या ओळी, सात रंगांचे तुकडे, एकावर अर्धा हत्ती आणि एकावर नुसती हत्तीची सोंड. आत हात घातला तर काहीच लागत नव्हतं. म्हशीच्या दुधावरच्या सायीला हात लावावा तसं.

रिक्षाने प्रसूतिगृहात गेलो. तिथे तो पुन्हा वाफेत घातला, त्यांच्या नियमाप्रमाणे. चार वाजता सिस्टरने मला आणि हेमाताईंना काचेच्या आत घेतलं. आत्याबाईंना काचेबाहेर थांबवलं, त्यांनी काचेला कपाळ लावलं.

बापाचं नाव तेजस. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला. मोठा उंचापुरा माणूस, शर्ट काढून खुर्चीत बसलेला आणि हात मांडीवर असे ठेवलेले, जणू ते कोणा दुसऱ्याचे आहेत. पट्ट्याला हुक आहे का, बटण आहे का, त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, झबल्याच्या नाड्या आहेत, दोन्हीकडे चार-चार. तो म्हणाला, बरं झालं, कामावर आमच्या कपड्यांना धातू चालत नाही, मला अंगावर धातूची भीतीच बसलीय. मग सिस्टर बाळ घेऊन आल्या आणि तो मागे सरकला.

“मी दिवसभर काय हाताळतो ते तुम्हाला माहितीये,” तो सिस्टरना म्हणाला. “हात हलत नाही माझा. पण हे नाही जमणार.”

सिस्टरने बाळ त्याच्या छातीवर ठेवलं, बेडकासारखे पाय दुमडून, आणि पट्टा धरायला मला सांगितलं. मी पट्टा पाठीमागून फिरवला. पहिली गाठ सिस्टरने मारली, दुसरी मी. तिसऱ्या गाठीला तेजसचा हात आपोआप वर आला आणि बाळाच्या पाठीवर, पट्ट्यावरून, थांबला. पोर आधी कुईं कुईं करत होतं. ते थांबलं. सिस्टर यंत्रावरचे आकडे बघत होत्या, आणि दहा मिनिटांनी त्या स्वतःशीच म्हणाल्या, चांगलं आहे, चांगलं आहे.

तेजसने मान वाकवून पट्ट्याकडे बघितलं. बाहेर आलेल्या शिवणी, तिरके टाके, अर्धा हत्ती. त्याला वाटलं घाईत उलटा बांधला गेला. बाळ उठू नये म्हणून त्याने हळूच विचारलं, “ह्याची सुलट बाजू कुठली?”

हेमाताई म्हणाल्या, “बाळाकडची.”

साहेब, मी आजवर खूप शिवलं. लोकांच्या लग्नातले ब्लाउज शिवले, पोरींचे गॅदरिंगचे घागरे शिवले. त्या दिवशी काचेच्या आत उभी राहून मला जे वाटलं ते कधी वाटलं नव्हतं. माझी मान ताठ झाली. अशी ताठ की परत येताना रिक्षात बसले तरी वाकेना. बाहेर आत्याबाईंच्या कपाळाचा गोल ठसा काचेवर उमटला होता. एक मावशी तो पुसायला आली तर सिस्टर म्हणाल्या, राहू दे थोडा वेळ.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, सिस्टरने प्रसूतिगृहाच्या कागदावर पोच पाठवली. जशीच्या तशी लिहिते. ‘कमी वजनाच्या बाळाच्या वडिलांसाठी पट्टा मिळाला. कापड स्वच्छ, मऊ व योग्य आहे. तपासून वापरात घेतला. पाठीवर व्रण नाही. आणखी सहा पट्टे हवेत, तीन आईच्या मापाचे, तीन वडिलांच्या.’ खाली मोठ्या डॉक्टरीणबाईंची सही. आणि शिक्का.

तो शिक्का मी तुमच्या पत्रावरच्या शिक्क्याशेजारी ठेवला. वरच्या ओळीतलं नाव एकच आहे, महापालिकेचं. ते प्रसूतिगृह आणि तुमचं ऑफिस एकाच छत्राखाली चालतं. म्हणजे एकाच घरातून, आठवड्याच्या आत, एका कापडाला दोन कागद आले. एक म्हणतो सॅनिटरी कचरा. दुसरा म्हणतो स्वच्छ, मऊ व योग्य. ज्यांनी हात लावून बघितलं त्यांनी दुसरा कागद लिहिला. ज्यांनी पेनाच्या टोकाने बघितलं त्यांनी पहिला.

दोन्ही कागदांच्या प्रती आज संभाजींनी आवकमध्ये घेतल्या आहेत, तारखेसह. फॉर्ममधला शब्द मी बदललेला नाही. आधी बदलायला आले होते, आता बदलणार नाही. हेमाताईंनी सुचवलं होतं की नवा अर्ज कर, बालवस्त्रे लिही, वाद कशाला. मी त्यांना नाही म्हटलं. पहिल्यांदाच. त्यांनी ‘असं’ म्हटलं, पण या वेळी त्या हसत होत्या. आमच्या आत्याबाईंच्या तोंडात ही सगळी बाळुतीच आहेत आणि त्यांनी ज्या बाळुत्याला गाल लावला ते एका पोराच्या पाठीला लागलं नाही. या शब्दाची मला आता लाज वाटत नाही. पत्राच्या वर मी तोच मथळा घातला आहे.

मशीनची डोकी परत बसवली आहेत. नंदाने पोळ्यांच्या घरी ‘येत नाही’ म्हणून कळवलं. सहा पट्ट्यांचं कापड गच्चीवर वाळतंय, आज दुसरं ऊन. उद्या अकरा वाजता तुमची माणसं येतील तेव्हा आम्ही आत काम करत असू. दार उघडं असेल. रुमाल न लावता कोणीही आत यावं, कशालाही हात लावून बघावं. कुलूप लावायचं असेल तर आम्हाला आत ठेवून लावावं लागेल, कारण पट्टे मंगळवारी द्यायचे आहेत आणि त्यांची वाट बघणारी पोरं तुमच्याच दवाखान्यात आहेत.

एवढं झालं तरी एक गोष्ट राहिलीच. आत्याबाईंनी तुम्हाला तोंडावर एक प्रश्न विचारला होता आणि तुम्ही न वाजलेला फोन उचललात. सत्तर वर्षांची बाई आहे, विसरणार नाही. रोज मला विचारते, साहेबाचं काही आलं का. आमच्याकडे, आणि माझ्या माहितीप्रमाणे तुमच्याकडेही, जन्मलेल्या लेकराला पहिलं कापड नवं घालत नाहीत. नवं टोचतं. धडधाकट पोराच्या अंगावरून उतरलेलं, मऊ झालेलं कापड मागून आणतात, मग ते घर कितीही मोठं असो. नवं येतं ते बारशाला.

तुम्हाला आठवणार नाही, तुम्ही तान्हे होतात. तुमच्या आई असतील तर त्यांना विचारा. त्या नसतील तर मावशीला, आत्याला, घरातल्या कोणत्याही मोठ्या बाईला विचारा. तुमच्या अंगाला या जगात पहिल्यांदा जे कापड लागलं ते कोणाचं उतरलेलं होतं, आणि ते कचरा होतं का? मला लेखी उत्तर हवं आहे, सही आणि शिक्क्यासह, उद्या अकराच्या आत.